वरीस सोडलेलं रान

चौतीस वर्षं तलाठ्याची नोकरी केली. चावडीत माणूस येतो तो एकतर स्वतःचं नाव लावायला, नाहीतर भावाचं नाव काढायला. ‘माझ्यावर गुन्हा लिहून घे’ म्हणून आलेलं माणूस मी एकच पाहिलं, आणि ते माणूस शहाणं होतं का खुळं, हे रिटायर होऊन एवढे दिवस झाले तरी मला सांगता येत नाही. बायको म्हणते, तुम्ही उगीच डोक्याला ताप करून घेता. असेल.

अंबड तालुक्यात डोंगराखालच्या एका गावात माझी बदली झाली होती. हजर होऊन चार दिवस झाले नव्हते. दप्तर लावत बसलो होतो, तर एक म्हातारी न विचारता आत आली आणि कागदांच्या कपाटाला पाठ लावून खाली बसली. पाय अनवाणी, लुगडं गुडघ्यापर्यंत, कानाच्या पाळ्या लोंबलेल्या.

“नवा हायेस का?”

“हो, आजी. काय काम काढलं?”

“म्या सरकारची जमीन पेरली. लिही.”

“तक्रार कुणावर करायची आहे?”

“माझ्यावर. लिही, हिनं गायरानात बाजरी पेरली, चार एकर, आन् निघ म्हणलं तरी निघत न्हाई. असं लिही की मागून कुणाला खोडता येणार न्हाई.”

आ बैल मुझे मार म्हणतात ते ऐकून होतो. बैलापुढं येऊन मांडी घालून बसलेली बाई त्या दिवशी पाहिली. तिचं नाव मी इथं लिहीत नाही. माझ्या हातानं ते एकदा नको तसं लिहून झालं आहे. गाव तिला म्हातारीच म्हणायचं आणि ती गावाला ‘खालचे’ म्हणायची.

ती भिल्लाची. गावाच्या वर, डोंगराच्या उतारावर त्यांची सोळा घरं. आजा-पणजापासून तो उतार त्यांचा, असं त्यांचं म्हणणं. सरकारी कागदावर मात्र तो गायरान, म्हणजे गावच्या गुरांच्या चराईचा. गायरान कुणी पेरलं तर तलाठ्यानं एका वेगळ्या वहीत त्याचं अतिक्रमण लिहायचं असतं. लोक ही नोंद टाळायला तलाठ्याच्या मागे-पुढे करतात. म्हातारीचं उलट. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण तिनं एक गोष्ट बराबर ओळखली होती. सरकार कधी ना कधी विचारणार, की तुम्ही ही जमीन कधीपासून कसता? त्या दिवशी दाखवायला दुसरं काय आहे? सरकारनंच लिहिलेला गुन्हा. ज्याचा गुन्हा जुना त्याचा हक्क जुना. म्हणून दर पावसाळ्यात पेरणी झाली की ती खाली उतरायची आणि गुन्हा लिहवून घ्यायची. माझ्या आधीच्यांनी बऱ्याच वेळा टाळलं होतं. गावाच्या दबावापुढं तलाठी कितीसा उभा राहणार? मीही पहिल्या वर्षी म्हणालो, बघू, करू. ती तीन दिवस कपाटाला टेकून बसली. चौथ्या दिवशी मी वही काढली.

“कपाटालाच का टेकता हो आजी? तिकडं भिंत आहे की.”

“माझी जमीन ह्यात हाय ना. राखण करून राह्यले.”

तिच्या घरच्या बोलीत अहो-जाहो नव्हतंच. ती सगळ्यांना अरे-तुरे करायची. मला तलाठ्या म्हणायची, रागात असली की तलाठ्या आणि खुशीत असली तरी तलाठ्या. एकदा अंबडला तहसीलदारांच्या दालनात मी तिला घेऊन गेलो. आत शिरायच्या आधी बजावलं, साहेबांशी जरा जपून बोला. तिनं मान हलवली. आत गेल्या गेल्या म्हणाली, “सरक की तिकडं, पंख्याचा वारा अडून राह्यला.” साहेब सरकले. मी घामानं ओला. नंतर मात्र त्या साहेबांनी तिचं जेवढं ऐकून घेतलं तेवढं माझं कधी घेतलं नाही, हेही खरं आहे.

बसमध्ये तिची कंडक्टरशी भांडणं ठरलेली. म्हाताऱ्या माणसांना अर्धं तिकीट असतं. ही पुरंच मागायची. कंडक्टर म्हणायचा, आजी, सरकारची सवलत आहे. ही म्हणायची, “अर्धं तिकीट घेतलं तर मला तिथं अर्धंच बोलू देतील.” आणि पुढं सगळं फुकट झालं तेव्हा तर ती बसमधनं खालीच उतरली. म्हणाली, सरकारचं फुकट खाल्लं की मंग जमीन बी फुकटची म्हणतील. त्या दिवशी ती चालत घरी गेली, आणि मला वाटतं तेव्हा तिची सत्तरी केव्हाच उलटून गेली होती. शहाणपण म्हणावं का हेका, तुम्हीच सांगा.

एकदा मोजणीवाले आले होते. म्हातारीनं त्यांना हद्द दाखवायचं कबूल केलं. त्यांना वाटलं, दगड दाखवील, बांध दाखवील. ही एका खडकावर जाऊन उभी राहिली आणि कानाला हात लावून जी हाक मारली, ती ऐकून झाडावरचे पारवे उडाले. तिचं म्हणणं, तिचे वाडवडील डोंगराचे राखणदार. हाक जिथवर जाते तिथवर त्यांची राखण आणि जिथवर राखण तिथवर रान. मोजणीवाला कपाळाला हात लावून बसला. तेवढ्यात खालून, ओढ्याच्या पलीकडून, माजी सरपंच आपल्या मोसंबीत उभे होते, ते ओरडले, “काय म्हणती गं म्हातारे?”

म्हातारी मोजणीवाल्याला म्हणाली, “बघ, त्याला ऐकू गेलं. ते बी आमचंच.”

सगळे हसले. माजी सरपंच हसले नाहीत. त्यांचंही म्हणणं मला पुरतं खोटं वाटत नसे, हीच माझी पंचाईत. ते चावडीत येऊन म्हणायचे, “भाऊसाहेब, गायरान गावाचं असतंय. आमची गुरं कुठं न्यावी? धनगराच्या मेंढ्या कुठं जाव्या? आज सोळा घरं, उद्या साठ होतील.” मी स्वतः घनसावंगीकडचा, पिढीजात शेतकऱ्याच्या घरातला. आमच्या घरी गायरान म्हटलं की गावाचं, एवढंच कानावर पडलेलं. आमची स्वतःची जमीन कुणाकडून कशी आली, हे मी बापाला कधी विचारलं नव्हतं आणि बापानं सांगितलं नव्हतं. म्हातारीशी दोन घटका बोलून आलो की मला ती सगळी जमीन तिची वाटायची. माजी सरपंचांचा चहा पिऊन उठलो की गावाची वाटायची. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

मग एके दिवशी मी तिला सरळ विचारलं. म्हटलं, आजी, जमीन तुमची होती म्हणता, तर मग गेली कशी? कुणी हिसकावली? तिनं सांगितलं ते असं.

निजामाच्या राज्यात पटकीची साथ आल्ती. वस्तीत एक घर सुटलं न्हाई, घरोघर कर्ता माणूस गेला. आणि त्यांच्यात रीत अशी, की घरातला कर्ता माणूस गेला की त्याच्या रानाला एक वर्ष नांगर लावायचा नाही. बी टाकायचं नाही, गवतसुद्धा कापायचं नाही. ते वर्ष मेलेल्याचं. जिवंतपणी त्यानं जमिनीला राबवलं, आता एक वरीस त्यानं आणि जमिनीनं मिळून बसायचं. त्याला ते ‘वरीस सोडलं’ म्हणतात. त्या साली सगळ्याच घरांनी वरीस सोडलं. सगळा उतार मोकळा. आणि नेमका त्याच साली मोजणी करणारा घोड्यावर बसून आला. त्यानं पाहिलं, नांगरट नाही, पीक नाही, माणूस शेतात नाही. लिहिलं, जमीन पड, मालक कुणी नाही.

“तुमच्यातलं कुणी त्याला सांगितलं नाही?”

“त्यानं इचारलंच न्हाई. आमच्याकडं कुणी इचारल्याबिगर मेलेल्याचं काढत न्हाईत.”

मला हे ऐकून झोप लागेना, खरं सांगतो. मी अंबडला एका जुन्या मुन्शीकडून त्या काळचा उर्दू कागद वाचून घेतला. त्यात होतं, बंजर, काबिज कोणी नाही; पड जमीन, ताबा कुणाचा नाही. म्हणजे म्हातारीचं खरं. पण बंजर काय, दुष्काळात पडलेलं रानसुद्धा बंजर लिहीत असतील. म्हणून वस्तीत जाऊन विचारलं. एक म्हातारा म्हणाला, हो, होती रीत, आता कोण पाळतंय. दुसरा म्हणाला, वर्षाची नव्हती, तेराव्यापर्यंत होती. तिसरा, म्हातारीच्याच भावकीतला, हसून म्हणाला, “भाऊसाहेब, तसली रीत-बीत काय न्हाई. म्हातारीच्या डोक्यातून निघाल्ती.” ज्याला विचारावं तो वेगळंच सांगायचा. मी विचारणं बंद केलं.

अशी वर्षं गेली. माझी बदली झाली, फिरून परत त्याच गावात झाली. म्हातारी तशीच, फक्त वाकली. आणि मग तो दिवस उजाडला, ज्याची ती जन्मभर वाट बघत होती. जुन्या काळापासून गायरान कसणाऱ्या आदिवासींची प्रकरणं घ्या, असं वरून आलं. तहसीलची समिती नेमली. अट अशी, की पूर्वीच्या अतिक्रमणाच्या नोंदी पाहिजेत, आणि पावसाळ्यात अधिकारी जागेवर येतील तेव्हा शेतात उभं पीक पाहिजे. नोंदी म्हातारीकडे सगळ्या वस्तीत जास्त. तिच्या हट्टामुळं बाकीच्या पंधरा घरांच्याही नोंदी लागलेल्या. मी घरी येऊन बायकोला सांगितलं, या वर्षी म्हातारीच्या नावाचा सातबारा निघतो बघ. आपल्याच घरचं काम झाल्यासारखा आनंद झाला होता मला.

मृगाच्या तोंडावर तिचा मुलगा गेला. एकुलता एक. ऊसतोडीहून आल्ता, ताप घेऊन आल्ता, जालन्याच्या दवाखान्यात नेईपर्यंत संपला. मागं बायको आणि दोन लेकरं. मी मातीला गेलो. म्हातारी रडली नाही. दगडावर बसून ती लेकाच्या पायताणांकडे बघत होती.

पाऊस पडला. पंधरा घरांनी पेरलं. म्हातारीचं रान तसंच.

मी वर गेलो. सून चुलीपुढं बसली होती, तिनं मला पाहून पदर सारखा केला आणि नुसती मान हलवली. म्हणजे तिनं सांगून पाहिलं होतं. म्हातारी ओट्यावर.

मी म्हणालो, “आजी, बाजरी पेरून घ्या. आठ दिवस गेले तरी चालतील.”

“वरीस सोडलंय.”

“समिती येणार आहे. उभं पीक नसलं तर यादीत नाव येणार नाही.”

“ठाव हाय.”

“मग? जन्मभर अनवाणी पायांनी तालुका तुडवला, ते कशासाठी? नातवंडांसाठी ना? बाकीचे नाही का पेरत? तुमचा भावकीतला म्हणतो अशी रीतच नाही.”

“त्याचा पोरगा मेला न्हाई अजून.”

मग मात्र माझा तोल गेला. म्हटलं, याच येडेपणापायी तुमच्या आज्याची जमीन गेली, आता तुमची घालवा. बोलून गेलो आणि वाईट वाटलं. ती माझ्याकडे वळली.

“रान सोडल्यानं गेली न्हाई ती. लिहिणाऱ्यानं इचारलं न्हाई, म्हणून गेली. तू तर इचारलंस. तुला ठाव हाय. मंग तुला कशाचं भ्या?”

मी एवढा मोठा अधिकारी होतो का, की मला ठाऊक असलं म्हणजे सरकारला ठाऊक झालं? पण तिला तसंच वाटत असावं. किंवा वाटत नसेल, माझी परीक्षा घेत असेल. मी उतरून आलो.

श्रावणात समिती आली. पाऊस भुरभुरत होता, चिखल झालेला. साहेब लोक पहिल्या तीन शेतांपर्यंत चढले आणि म्हणाले, भाऊसाहेब, पुढचं तुम्ही बघून भरून घ्या, आम्ही सह्या करतो. म्हातारीचं रान सगळ्यांत वर. मी एकटाच तिथपर्यंत गेलो. गुडघाभर गवत, मध्ये बोरीची दोन झाडं. मेलेला पोरगा आणि जमीन मिळून बसलेत, असं ती म्हणाली असती. मी छत्री मानेत धरली, कागद काढला, आणि तिच्या नावापुढं पिकाच्या रकान्यात लिहिलं, बाजरी.

लिहिताना हलकं वाटलं. वाटलं, नोकरीत एक चांगलं काम झालं. तीन अक्षरांत म्हातारीची चार एकर सुटली. तिची रीतही राहिली आणि जमीनही आली, कुणाचं काय गेलं? खाली आलो. साहेबांनी न बघता सह्या केल्या. माजी सरपंचांनीसुद्धा पंच म्हणून सही केली. त्यांना सगळं दिसत होतं. ते फक्त म्हणाले, “जाऊ द्या भाऊसाहेब, पोरगं गेलंय तिचं.”

यादी पक्की व्हायच्या आधी ती गावात मोठ्यानं वाचून दाखवायची असते. कुणाची हरकत असली तर त्यानं तिथंच उठायचं. चावडी भरली होती. भिल्लांची सगळी घरं आली होती, बायका डोक्यावर पदर घेऊन दाराशी. मी एकेक वाचत गेलो. नाव, क्षेत्र, पीक. तिचं नाव आलं. मी जरा घाईनं वाचलं, चार एकर, बाजरी, आणि पुढच्या नावावर गेलो.

“थांब,” म्हातारी म्हणाली. “कुणी पेरली?”

मी खालमानेनं म्हणालो, “आजी, मागून बोलू आपण.”

“मागून न्हाई. माझ्या रानात बाजरी कुणी पेरली?”

सून तिचा हात ओढत होती. “आत्या, बसा ना. ओ आत्या.” भावकीतला तो दातओठ खात होता. म्हातारी हात सोडवून घेऊन उभी राहिली. वाकलेली बाई, पण त्या दिवशी सरळ दिसली.

“माझा पोरगा मेला. त्याच्या रानाला हात लागला न्हाई. आन् तू लिवतोस बाजरी. मंग मेला कोण, तलाठ्या?”

मी तिच्यासाठी केलं होतं, असं ओरडून सांगावंसं वाटत होतं, आणि तेवढीच लाजही वाटत होती. घोड्यावरचा तो मोजणीवाला निदान ओळखीचा नव्हता. मी तर मातीला जाऊन आलो होतो.

दुसऱ्या दिवशी ती अंबडला निघाली. नोंद खोडून घ्यायला. मी बरोबर गेलो. न जाऊन सांगतो कुणाला. नायब तहसीलदार नवीन होत्या, तरुण बाई, समजूतदार. त्यांनी तिला तीनदा समजावलं.

“आजी, ही नोंद खोटी आहे असं तुम्ही लिहून दिलं, तर तुमचं नाव यादीतून जाईल. पुन्हा कधी येईल, मी सांगू शकत नाही.”

“जाऊ दे.”

“नातवंडांचा विचार करा.”

“त्यायचाच करून राह्यले. बाप मेला त्या साली आजीनं बाजरी खाल्ली, असं त्यायनी वाचायचं का?”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं. मग त्यांनी जबाब लिहायला घेतला. लिहून झाल्यावर वाचून दाखवला. त्यात एक वाक्य होतं: माझा मुलगा मयत झाल्याने आमच्या रीतीप्रमाणे एक वर्ष सदर जमीन पेरलेली नाही, जमीन आमच्या ताब्यात आहे.

“हे फिरून वाच,” म्हातारी म्हणाली.

बाईंनी वाचलं.

“आणखी एकदा.”

त्यांनी आणखी एकदा वाचलं. म्हातारीनं अंगठा उठवला. मग विचारलं, शिक्का कुठं मारतेस? शिक्का मारून घेतला. नक्कल मागितली. नक्कल हातात आल्यावर ती उलटी-सुलटी करून पाहिली, घडी घातली आणि कमरेला खोचली. चार एकर जमीन सोडून आलेली बाई, आणि बसस्टँडवर मला म्हणते, “चहा पाज तलाठ्या, आज तुझ्या हातचा गोड लागंल.” मी चहा पाजला. मला राग यावा की रडू यावं, कळत नव्हतं. माझ्यावर खोट्या नोंदीची चौकशी लागणार हे मला दिसत होतं, आणि ती पुढं लागलीही. मी विचारलं, “आजी, खरं सांगा, तुम्हाला जमीन पाहिजे होती का नव्हती?”

ती बशीत चहा ओतत म्हणाली, “पाहिजेच होती की. आता बी पाहिजे.”

“मग हे काय केलं?”

“आज्याच्या येळला हे कुणी लिवलं असतं, तर तुझ्याकडं कशाला आल्ते मी?”

ती गेली त्याला दीड वर्ष होईल. पंधरा घरांचे सातबारे झाले. तिच्या चार एकरांवर आजही सरकारचं नाव आहे. सुनेनं ती गेल्यावर वर्षभर रान पेरलं नाही, आणि मग अपील केलं. अंबडच्या एका वकिलानं ती नक्कल पाहून सांगितलं, ताई, हा कागद तुम्हाला बुडवणार, पेरलं नाही असं तुमच्याच सासूनं लिहून दिलंय. दुसरा वकील म्हणाला, तुमच्याजवळ जोर असलेला कागद हा एकच. दोघेही हुशार म्हणून प्रसिद्ध. सून माझ्याकडे आली, म्हणाली, “भाऊसाहेब, तुम्ही सांगा, कुणाचं ऐकू?” मी साक्षीला येतो म्हणालो. बायकोनं विचारलं, पेन्शनीवर बेतलं तर? मी म्हणालो, बघू.

गेल्या आठवड्यात प्रांतसाहेबांपुढं तारीख होती. शपथ झाली. साहेबांनी विचारलं, “त्या वर्षी सदर जमिनीत काय होतं?”

“बाजरी लिहिली होती मी, साहेब. ती खोटी. पेरलं नव्हतं. त्यांचा माणूस मेला होता, म्हणून त्यांनी वरीस सोडलं होतं.”

साहेब टायपिस्टकडे वळले. “घ्या. साक्षीदार सांगतो की, सदर जमीन त्या वर्षी पड होती.”

“साहेब, मी तसं नाही म्हणालो.”

“अर्थ तोच होतो.”

“होत नाही, साहेब.”

पड हा शब्द चौतीस वर्षांत मी किती वेळा लिहिला असेल, देवाला माहीत. कधी शेतापर्यंत जाऊन लिहिला, कधी चावडीत बसून लिहिला. कुणालाही कधी विचारलं नाही की का हो, पड का ठेवलं? साहेबांनी चष्मा काढला. चांगला माणूस होता, उगीच खोटं कशाला बोलू.

“अशी रीत त्यांच्यात आहे, हे तुम्ही शपथेवर सांगता?”

आता आली का पंचाईत. एक म्हणाला होता वर्षाची, एक म्हणाला होता तेरा दिवसांची, एक म्हणाला होता मुळीच नाही. सून समोर बाकावर बसली होती, तिच्या मांडीवर ती नक्कल. तिच्याकडे पाहून हो म्हणावंसं फार वाटलं. पण एकदा तसं करून बघितलं होतं.

“रीत आहे का नाही, मला ठाऊक नाही, साहेब. म्हातारीनं पेरलं नाही, हे मला ठाऊक आहे. का पेरलं नाही, हे तिनं मला सांगितलं होतं, आणि तरी मी ते लिहिलं नाही. एवढं घ्या.”

टायपिस्टनं कागद काढून माझ्यापुढं सरकवला. सगळं नीट होतं, आणि मध्ये एक ओळ: जमीन पड होती. साहेब म्हणाले, सही करा, वेळ झाली. सही नसली तर साक्ष धरता येणार नाही, आणि साक्ष नसली तर त्या बाईचंच नुकसान आहे.

ते खरं होतं. मी पेन उघडलं, ओळ पुन्हा वाचली, आणि टोपण लावून खिशात ठेवलं. म्हणालो, नीट लिहा, मग करतो.

पाच वाजून गेले होते. सून बाकावर जरा सरकली आणि तिनं मला बसायला जागा केली.